दाता पाहिजे, पोट साफ असलेला

डॉक्टर होणाऱ्या माणसाची किळस एकदम जात नाही, हप्त्याहप्त्याने जाते. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने झोंबणारे डोळे पुसत मुलं टेबलाभोवती उभी राहतात आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच त्याच हॉलमधून निघून सरळ कँटीनमध्ये समोसा खायला लागतात. (मध्ये हात धुतात का, हे पालकांनी विचारायचं नसतं.) मग मायक्रोबायोलॉजीच्या प्रात्यक्षिकात स्टूल एक्झामिनेशन येतं. काचपट्टीवर एक थेंब सलाइन, एक थेंब आयोडीन, काडीच्या टोकावर नमुना आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंताचं अंडं. जर्नलात रंग, घट्टपणा, वास असं लिहायचं असतं. वासापुढे सगळी बॅच एकच शब्द लिहिते आणि तो हुंगून लिहिलेला नसतो, सिनियरच्या जर्नलातून उतरवलेला असतो. वॉर्डात पोस्टिंग लागेपर्यंत "आजोबा, आज पोट साफ झालं का?" हे "आजोबा, जेवलात का?" याच सुरात विचारता येऊ लागतं. आपली किळस फिटली, असं मुलांना तेव्हा वाटतं. अशा वेळी कोणीतरी सांगतं की हीच वस्तू औषध म्हणून दुसऱ्या माणसाच्या पोटात सोडतात. तेव्हा कळतं की एक हप्ता बाकी होता.

माझी भाची सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज पुण्यातलंच, कोणतं ते सांगत नाही, कारण तिचे गाईड पेपर वाचतात. ती आमच्याकडे राहते आणि रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मेस बंद असल्यामुळे तिचे मित्रमैत्रिणीही आमच्याकडेच असतात. आमच्या घरी रविवारी रात्री पिठलं-भात असतो, त्यामुळे दहा माणसं वाढली तरी फरक पडत नाही, फक्त पाणी वाढतं. अशाच एका रविवारी, पानं वाढलेली असताना, भाचीने जाहीर केलं की तिच्या प्रोजेक्टचा विषय ठरला. विष्ठेतल्या जिवाणूंचं प्रत्यारोपण, ज्याला ही मुलं एफएमटी म्हणतात, त्याबद्दल वैद्यकीय विद्यार्थ्यांना काय माहीत आहे आणि काय वाटतं.

तिच्या मामीने हातातला डाव तसाच धरून विचारलं, "मग पिठलं वाढू की नको?"

पिठल्याचा रंग आणि घट्टपणा पाहता प्रश्न रास्त होता. पण मुलांनी पानं पुढे केली. तिसऱ्या वर्षाची मुलं काहीही खातात आणि खाताना कशावरही बोलतात.

या प्रकारच्या प्रोजेक्टांना केएपी म्हणतात, म्हणजे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. आयसीएमआर १९७९ पासून एमबीबीएसच्या मुलांना उन्हाळी संशोधनासाठी विद्यावृत्ती देते, त्यामुळे दरवर्षी देशभरात हजारो मुलं विषय शोधत फिरतात. हात धुण्याबद्दल विचारून झालं आहे, डेंग्यूबद्दल झालं आहे, मधुमेहाबद्दल तर इतकं झालं आहे की पेशंटच आता प्रश्नावलीतल्या चुका काढतात. नवा विषय मिळणं अवघड. शिवाय या सर्वेक्षणांची एक गंमत असते. वर ठळक अक्षरांत ‘एफएमटीविषयी जागरूकता’ असं लिहिलेलं असतं आणि पहिलाच प्रश्न असतो, ‘आपण एफएमटीविषयी ऐकले आहे का?’ शीर्षक वाचूनही ‘नाही’ म्हणणारा विद्यार्थी एक तर अत्यंत प्रामाणिक असतो, नाही तर त्याने शीर्षक वाचलेलं नसतं. त्यात फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. बहुतेक जण दुसऱ्या खिडकीत गूगल उघडूनच तो भरतात आणि जे मोजलं जातं ते ज्ञान नसून नेटचा वेग असतो.

प्रश्नावली पक्की करण्याआधी ती थोड्या लोकांवर चालवून बघतात. ते थोडे लोक म्हणजे आम्ही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आता हे प्रकरण काय आहे ते. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू नांदत असतात. जोरदार अँटिबायोटिक दिलं की त्यांतले भले मरतात आणि सी डिफ नावाचा एक टगा मोकळ्या जागेवर ताबा मारतो. पुण्यात जमिनींचं काय होतं ते माहीत असलेल्यांना हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. जुलाब थांबत नाहीत, पुन्हा अँटिबायोटिक, पुन्हा जुलाब. असे लोक दगावतातही. अमेरिकेत डेन्व्हरला बेन आयझमन नावाच्या सर्जनने १९५८ साली अशा हाताबाहेर गेलेल्या चार रोग्यांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा दिला आणि ते बरे झाले. त्याच्या कितीतरी आधी, चौथ्या शतकात, चीनमध्ये गे होंग नावाच्या वैद्याने जीवघेण्या जुलाबांवर हाच पदार्थ तोंडाने द्यायला सांगितलं होतं. मधल्या दीड हजार वर्षांत ही कल्पना मागे का पडली, हे समजायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

खरी प्रतिष्ठा मिळाली ती २०१३ साली. अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी रीतसर चाचणी घेतली. विष्ठेचं द्रावण नाकातून घातलेल्या नळीने लहान आतड्यात सोडलं तेव्हा १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले, उरलेल्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या खेपेला. व्हँकोमायसिन नावाच्या महागड्या औषधावर ठेवलेल्या गटात १३ पैकी चारच. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण फरक इतका होता की बाकीच्यांना औषधावर ताटकळत ठेवणं बरं दिसेना.

"करतात कसं पण?" मामीने विचारलं.

"साधारण पन्नास ग्रॅम घ्यायची, सलाइन घालायचं, मिक्सरमधून काढायची आणि गाळून घ्यायची," लातूरचा मुलगा पापड मोडत म्हणाला. "ठेवायची असेल तर ग्लिसरॉल घालून उणे ऐंशीला."

"मिक्सर कोणाचा?"

"तसा वेगळा असतो, मामी," भाची घाईने म्हणाली.

"सुरुवातीला साधे घरगुतीच वापरायचे," लातूरचा मुलगा म्हणाला. त्या मुलाला खोटं बोलता येत नाही. तो पुढे प्रॅक्टिस कशी करणार, मला काळजी वाटते. मामी उठून स्वयंपाकघरात गेली आणि कट्ट्यावरचा मिक्सर फडताळात ठेवून आली.

माहितीच्या बाबतीत मुलं पक्की निघाली. पक्की, पण एका ठरावीक उंचीपर्यंत. वारंवार होणारा सी डिफ असं म्हटलं की चौघांच्या तोंडून एकदम ‘एफएमटी’ निघायचं, कारण पीजीच्या प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतला तो एक असतो. हॅरिसनच्या जाडजूड ग्रंथात तो उल्लेख कोणत्या बाजूच्या पानावर आहे हेही कोथरूडच्या मुलीला ठाऊक होतं. पण भारतात कोणी करतं का, या प्रश्नावर सगळे गप्प. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात डॉ. अजित सूद आणि त्यांचे सहकारी अल्सरेटिव्ह कोलायटिसवर हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. दिल्लीच्या आयएलबीएस या यकृताच्या संस्थेत दारूने यकृत सुजलेल्या, स्टिरॉइड देता न येणाऱ्या रोग्यांवर हा उपाय करून २०१७ साली निबंधही छापून आला आहे. हे मी गूगलवरून वाचून दाखवल्यावर कोथरूडची मुलगी म्हणाली, "काका, हे विचारत नाहीत." आपल्या वैद्यकीय शिक्षणाबद्दल याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

ज्ञानानंतर दृष्टिकोन. इथे प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय असतात : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. पुण्यासाठी सहावा हवा, ‘विधानाची रचनाच सदोष आहे’, आणि सर्वांत जास्त खुणा तिथेच होतील. माझ्या आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, तो पर्याय नसतानाही वापरला. ‘एफएमटी ही एक स्वीकारार्ह उपचारपद्धती आहे’ या विधानावर ती म्हणाली, "कोणाला स्वीकारार्ह ते लिहिलेलं नाही."

मुलांनी मात्र पटापट ‘पूर्ण सहमत’ केलं. पेशंटला सुचवाल का? पूर्ण सहमत. परिणामकारक आहे का? पूर्ण सहमत. नातेवाइकांना समजावून सांगाल का? सहमत, पण ते काम इंटर्नकडे द्यावं. सगळं कसं आधुनिक, वैज्ञानिक, एप्रन घातलेलं. मग पुढचा प्रश्न आला : स्वतःवर करून घ्याल का? पिठल्याचं आणखी एक वाढप झालं. लातूरच्या मुलाने लोणचं मागितलं. कोणीतरी म्हणालं, "इंडिकेशन असेल तर." वैद्यकीय भाषेत ‘मरायला टेकलो तर’ असं म्हणायची ती सभ्य रीत आहे.

मुलांना हसण्यात अर्थ नाही, कारण सामान्य माणसं फारशी वेगळी नसतात. अमेरिकेत २०१२ साली छापून आलेल्या एका पाहणीत रोग्यांना आधी उपायाचं नाव न सांगता फक्त गुण किती येतो ते सांगितलं, तेव्हा शंभरातले ८५ जण तयार झाले. तो विष्ठेपासूनचा आहे असं सांगितल्यावर ८१ उरले. गोळीच्या रूपात मिळेल म्हटल्यावर ९०. आणि डॉक्टर म्हणत असतील तर ९४. म्हणजे ज्या किळसेच्या नावाने आपण इतका गहजब करतो ती शंभरात चार माणसं हलवते. पुण्यात शेवटचा आकडा कितपत लागू पडेल, याची मात्र मला शंका आहे. इथे पेशंट आधी डॉक्टरांना निदान सांगतो, मग त्यांचं ऐकून घेतो आणि घरी जाऊन मेव्हण्याला विचारतो.

तोवर आईने आपला प्रश्न विचारला होता, जो प्रश्नावलीत नव्हताच.

"पण कोणाची?"

भाची म्हणाली, "निरोगी दात्याची."

"ते झालं गं. पण कोणाची?"

आणि मग जे जेवण रंगलं त्याला तोड नाही. आपापल्या पोटात कोणाचं काय चालेल, यावर प्रत्येकाचं मत तयार होतं, इतका वेळ फक्त कोणी विचारलं नव्हतं. कोथरूडच्या मुलीला आईचं चालणार होतं, वडिलांचं नाही, कारण ते रात्री साडेदहाला जेवतात. नाशिकच्या मुलीला घरातलं कोणाचंच नको होतं. अनोळखी माणसाचं असलं की निदान पुढे लग्नकार्यात तोंड दाखवायला नको. लातूरच्या मुलाने रूममेटचं साफ नाकारलं. कारण विचारल्यावर म्हणाला, "मी त्याच्यानंतर बाथरूमला जातो." एकाने बॅचच्या टॉपरचं मागितलं. त्याचं म्हणणं, उंदरांवरच्या प्रयोगात लठ्ठपणा जातो ना एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, मग फार्माकॉलॉजी का जाऊ नये.

उंदरांचं तो खरं सांगत होता. माणसांतही एक किस्सा आहे. अमेरिकेत एका बाईला तिच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या विष्ठेने सी डिफपासून सुटका मिळाली. मुलगी जरा गुटगुटीत होती. पुढच्या सोळा महिन्यांत आईचं वजन १३६ पौंडांवरून १७० वर गेलं. मुलीमुळेच गेलं असं ठामपणे सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी २०१५ च्या निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं. पण तेव्हापासून दाता जाड नसावा अशी खबरदारी घेतात. मामी म्हणाली, "म्हणजे मुली आयांवर जातात तशा आयाही मुलींवर जातात."

मी आईला विचारलं, "तू श्रावणीला पंचगव्य घेतेस की नाही? त्यात शेण असतंच की."

"गाईचं असतं," ती म्हणाली. "आणि गाय कोणाची ते माहीत असतं."

युक्तिवाद बिनतोड होता. तिला वस्तूचं काही वाटत नव्हतं, पत्ता हवा होता.

‘कोणाचं’ हा प्रश्न आपल्याकडे इतका पटकन ओठांवर येतो, त्याचं कारण वैद्यकीय नाही. या गावात, आणि सगळ्याच गावांत, काही माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांची घाण डोक्यावरून वाहिली. आणि अजब हिशेबाने ज्यांची ती होती ते शुद्ध राहिले, वाहणाऱ्यांचा विटाळ झाला. ते थांबवायला १९९३ साली एक कायदा झाला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं, तर सरकार म्हणालं, उच्चवर्णीयाला ते देता येत नाही. त्यांनी उपास धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी आपल्या येरवड्यात बंदिवान असलेल्या गांधीजींनीही धरला. मैला साफ करायला मिळावा म्हणून उपास! पुढे याच अप्पांनी कणकवलीच्या गोपुरीत संडास आणि खत यांवर आयुष्य वेचलं. तत्त्वज्ञान शिकवणारा हा प्राध्यापक जे हातात घ्यायला तयार होता, ते अजून आपल्या जिभेवर येत नाही.

जिभेवर येत नाही, असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पुण्याच्या मैल्याचं खत करून आसपासच्या उसाला घालत. सुरुवातीला शेतकरी नाक मुरडत होते. ऊस कसा येतो ते पाहिल्यावर त्याला मागणी आली. त्याला नाव काय, तर सोनखत. म्हणजे ज्या शहराला हा उपाय ऐकून मळमळतं, त्याने एके काळी पोळीबरोबर जो गूळ खाल्ला तो स्वतःच्याच कृपेने पिकलेला होता. आईला मी हे सांगितलं नाही. गुळाची पोळी बंद झाली असती.

एव्हाना दारात लातूरच्या मुलाचा एक मित्र येऊन उभा होता. हा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला. विषय ऐकून त्याने कीव आल्यासारखं पाहिलं. गाय रवंथ करेनाशी झाली की निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी काढून तिला पाजायचं, हे त्यांच्याकडे नेहमीचं. इटलीत सतराव्या शतकापासून त्याच्या नोंदी आहेत. घोड्याचं शिंगरू तर कोणीही न शिकवता आईची लीद खातं आणि त्याचं पोट तयार होतं. "तुम्हाला यावर सर्वेक्षण कशाला लागतं?" तो म्हणाला. "संमती घ्यावी लागते," भाची म्हणाली. "आमचा पेशंट संमती देत नाही," तो म्हणाला, "लाथ मारतो. उत्तर लगेच कळतं."

पुण्यातल्या माणसांना मात्र कमी लेखू नये. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे. तिथे डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं भारतीयांच्या पोटातले जिवाणू तपासत होते. त्यांचा २०१२ सालचा एक निबंध मला फार आवडतो. दोन एकत्र कुटुंबं घेतली आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे नमुने तपासले, वय वाढतं तसं पोटातलं जिवाणूंचं प्रमाण कसं बदलतं ते पाहायला. आजोबा, बाबा, नातू. एकत्र कुटुंबात पोटातलं ओठांवर यायला वर्षं जातात. इथे ते थेट डबीत आलं. आपल्या लोकांत प्रिव्होटेला नावाचा जिवाणू मुबलक असतो, असंही त्यांना पुढे आढळलं. भाजी-भाकरी, वरणभात खाणाऱ्यांच्या पोटात तो रमतो. त्या कुटुंबांतल्या आज्यांनी ‘कोणाला हवी आहे?’ असं विचारलं असेल का, हे निबंधात नाही. असल्या गोष्टी निबंधात कधीच नसतात, म्हणून मी ते अर्धवट वाचून सोडतो.

शेवटचा भाग आचरणाचा. तुम्ही दान कराल का? इथे मुलं पुन्हा उदार झाली. रक्तदान करतोच की. शिवाय वस्तू टाकाऊ. कोणीतरी सांगितलं की अमेरिकेत बॉस्टनजवळ ओपनबायोम नावाची बँक होती, ती एका नमुन्याला ४० डॉलर देत असे आणि आठवड्यातले पाच दिवस नेमाने येणाऱ्याला वर बक्षिसी. नेमाचा दाता वर्षाला १३,००० डॉलरपर्यंत कमावू शकायचा. हे ऐकून लातूरच्या मुलाने इंटर्नशिपच्या स्टायपेंडचा हिशेब सुरू केला आणि चेहरा पाडून थांबवला.

मग भाचीने दात्याच्या अटी वाचायला घेतल्या.

वर्तमानपत्रातल्या ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती यापुढे सैल वाटाव्यात. वय अठराच्या वर, साधारण पन्नाशीच्या आत. वजन बेताचं. निर्व्यसनी. घराण्यात आतड्याचे आजार नकोत. दमा, अ‍ॅलर्जी, नैराश्य नको. गेल्या काही महिन्यांत गोंदवून घेतलेलं नको, अँटिबायोटिक नको. मग रक्त : एचआयव्ही, सगळ्या काविळी, गुप्तरोग. मग विष्ठा : जंत, सी डिफ, औषधांना न जुमानणारे जिवाणू. मंगळ सोडून सगळं पाहतात. ओपनबायोमकडे आलेल्या शंभरांतले तीनही यातून पार पडत नसत. २०२४ च्या नीटला २३ लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. हिशेब करा, एमबीबीएसला लागणं सोपं आहे.

पोट नियमित हवं, हेही त्यात आलंच. त्यासाठी १९९७ सालापासूनचा ब्रिस्टलचा तक्ता आहे, सात प्रकारांचा, सुक्या खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत. चौथा सर्वांत चांगला. हा शोध पुण्यात लागला असता तर सात प्रकारांना वारांच्या सात पेठांची नावं देऊन काम सोपं झालं असतं. चौथा नंबर मिळाल्याबद्दल एका पेठेत फटाके, सातवा मिळाल्याबद्दल दुसरीत मोर्चा. आणि आपल्याला यादीतच घेतलं नाही म्हणून सदाशिव पेठेतून खुलं पत्र, मुद्देसूद, आठ पानी.

आमच्या पंगतीतून दाते गळू लागले. नाशिकच्या मुलीला दमा. टॉपरचा भक्त मे महिन्यात दंडावर काहीतरी गोंदवून आला होता, आईवडिलांना अजून माहीत नव्हतं, आता आम्हाला झालं. कोथरूडच्या मुलीने गेल्या महिन्यात घसा दुखला म्हणून स्वतःच अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं होतं. फार्माकॉलॉजीत अँटिबायोटिकच्या गैरवापरावर तिला चांगले मार्क आहेत. पुढची अट वाचून तर सगळ्यांनी घास थांबवला. गेल्या सहा महिन्यांत ज्या देशात जुलाबाची साथ नेहमीची आहे अशा देशाचा प्रवास नसावा. आपण त्या देशाचा प्रवास केलेला नाही, आपण तिथेच राहतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा त्यामागच्या जुलाबाच्या जिवाणूचं नाव, कॅम्पिलोबॅक्टर, हा शब्द रिक्षावाल्यांनाही पाठ झाला होता.

तरी लातूरचा मुलगा टिकून होता. मेसचं खाऊनही त्याचं पोट घड्याळासारखं चालतं, तो कधी आजारी पडत नाही, गोंदवत नाही, आणि देश कोणताही असो, तो पुणे आणि लातूर सोडून कुठे जात नाही. भाचीने त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं आणि पुढची ओळ वाचली. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएने एक इशारा काढला. दात्याच्या विष्ठेतला एक औषधांना दाद न देणारा ई. कोलाय, आधीच दुबळ्या असलेल्या दोन रोग्यांत गेला आणि त्यांतला एक वारला. तेव्हापासून असे जिवाणू पोटात बाळगण्याचा धोका ज्यांना जास्त, त्यांना वगळायचं. यादीत पहिलंच नाव, आरोग्यसेवेत काम करणारे.

"म्हणजे आपण?" लातूरचा मुलगा म्हणाला.

म्हणजे तेच. हा उपाय ज्यांना समजतो, ज्यांना तो पटतो आणि जे हसत दान करायला तयार असतात, त्यांचंच नेमकं चालत नाही. वॉर्डात पाय ठेवला की पोट बाटलं. आईला हे फार आवडलं. डॉक्टरांचाही विटाळ होतो, हे तिने लक्षात ठेवलेलं मला दिसलं, पुढे कुठेतरी वापरायला.

एक सुटका होती. अमेरिकेत २०२३ पासून याच्या रीतसर कॅप्सूल मिळतात. रोज चार, तीन दिवस. ना नळी, ना वास, ना कोणाचं ते विचारायची सोय. बाजारात आल्या तेव्हा किंमत होती साडेसतरा हजार डॉलर, म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास. मामीने पिठल्याचं पातेलं खरवडत हिशेब ऐकला आणि म्हणाली की एवढ्या पैशात आयुष्यभर इसबगोल येईल.

प्रश्नावली पूर्ण भरून कोणी दिलीच नाही. तीस प्रश्न होते आणि ताकभात वाढायचा होता. भाची रडकुंडीला आली. पाच माणसं हातात असताना ही गत, तर सगळ्या कॉलेजातून उत्तरं कशी मिळायची? शिरवळच्या मुलाने सुचवलं की थोडे प्रश्न कमी कर. नाशिकची मुलगी म्हणाली, विषय बदल. लातूरच्या मुलाने मात्र ताटात बोट फिरवत खरा तोडगा काढला. "खाली एक ओळ टाक," तो म्हणाला. "सहभागींना ई-प्रमाणपत्र मिळेल."

सगळ्यांनी लगेच फोन काढले आणि लिंक मागितली. सीव्हीत घालता येतं, इंटर्नल मार्कांत धरतात, कोणी काही म्हणो, प्रमाणपत्राला वैद्यकीय महाविद्यालयात मोल आहे. ‘दान कराल का’ या प्रश्नावर पाचही जणांनी ‘पूर्ण सहमत’ केलं, वगळले गेल्याचं ठाऊक असूनही.

आईने चष्मा लावला. "मलाही पाहिजे," ती म्हणाली. "नाव पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट. आणि लवकर दे म्हणावं तुझ्या सरांना, मागून आलं तर पुढे कै. लावावं लागेल."